दहाचं पाकीट

दुसरीच्या वर्गातल्या खुर्चीवर बसून माणसानं कुणालाही शब्द देऊ नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. गुडघे हनुवटीशी येतात, टाय टेबलावर लोळतो, समोरच्या बाई आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असूनही उंच वाटायला लागतात, आणि मग गेलेली पत सावरण्यासाठी आपण भलतंच काहीतरी बोलून बसतो. मी तसाच बोललो.

आमच्या हेटीच्या वर्गशिक्षिका मिस थाओ अतिशय शांतपणे सांगत होत्या की हेटीला दशक आणि एकक अजून उमगलेले नाहीत. बेचाळीसमधला चार म्हणजे चार दहा, हे तिला पटत नाही. ती चारला चारच म्हणते.

"चार म्हणजे चारच ना?" मी म्हणालो.

माझ्या बायकोनं, पॅमनं, टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. टेबल इतकं बुटकं होतं की ते सगळ्यांनाच दिसलं.

"दोन आठवड्यांनी शुक्रवारी छोटी चाचणी आहे," मिस थाओ म्हणाल्या. "त्यात वजाबाकी जमली नाही तर हेटीला जादा मदतीच्या गटात घालावं लागेल. तो गट मंगळवारी आणि शुक्रवारी बसतो. संगीताच्या तासाला."

पॅमनं माझ्याकडे पाहिलं आणि मी पॅमकडे पाहिलं. वसंतातल्या जलशात मोठा ढोल वाजवायला हेटीची निवड झाली होती. वर्गात सगळ्यात बुटकी हेटी आणि शाळेत सगळ्यात मोठा ढोल, ही जोडी संगीताच्या बाईंनी कशी जमवली कोण जाणे. पण त्या दिवसापासून आमच्या घरात टेबल, कपाट, फ्रीज आणि माझी पाठ या सगळ्यांवर सराव चालू होता. तिनं ही बातमी आजीला सांगितली होती, टपालवाल्याला सांगितली होती, दाढ उपटली जात असताना दंतवैद्याला सांगितली होती. हा ढोल एका वजाबाकीपायी तिच्या हातून काढून घ्यायचा, हे मला अजिबात सहन होण्यासारखं नव्हतं.

"बाई, तुम्ही निश्चिंत राहा," मी म्हणालो. "मी स्वतः शिकवतो. माझा रोज आकड्यांशीच संबंध येतो."

हे खोटं नव्हतं. मी विमा कंपनीत आहे. आमच्या भागात हरणाला धडकलेल्या गाड्यांचे जेवढे दावे येतात, ते सगळे माझ्या टेबलावरून जातात. बेरीज-वजाबाकी अर्थात यंत्र करतं, पण बटण मी दाबतो.

पहिला धडा त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झाला. मी झोकात बेचाळीस लिहिले, त्याखाली सतरा लिहिले आणि रेघ मारली.

"हे बघ. दोनातून सात जातात का?"

"नाही," हेटी म्हणाली.

"शाबास. मग शेजारच्या चाराकडून एक उसना घ्यायचा. चाराचे झाले तीन, दोनाचे झाले बारा. बारातून सात गेले, पाच. तीनातून एक गेला, दोन. पंचवीस. झालं."

हेटीनं कागद स्वतःकडे ओढला आणि दोनावर बोट ठेवलं. "एक घेतला तर दोनाचे तीन व्हायला पाहिजेत. बारा कुठून आले?"

"उसना घेतला ना."

"एकच घेतलास."

"हो, पण तो इकडे आला की दहा होतो."

"वाटेत?"

मी आजवर हजारो वेळा उसना घेतला असेन, पण तो वाटेत नक्की कुठे दहा होतो याचा विचार माझ्या मनाला कधी शिवलाच नव्हता. मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक काढताना माणसाला विचार करायला वेळ मिळतो.

"आणि परत कधी द्यायचा?" हेटीनं विचारलं.

"परत द्यायचा नसतो."

"म्हणजे ऑर्विलकाकांनी आपली शिडी नेलीय तसं?"

ऑर्विल आमचा शेजारी. त्यानं दोन हिवाळ्यांपूर्वी पन्हळ साफ करायला आमची शिडी नेली आणि आता मला हवी असली की तो ती मला मोठ्या मनानं वापरायला देतो. पॅम भांडी विसळता विसळता इतकी हसली की धडा तिथेच संपला.

मिस थाओंनी सोबत प्लॅस्टिकच्या साहित्याची एक पिशवी दिली होती. त्यात बोटाच्या पेराएवढे पिवळे ठोकळे होते, आणि दहा ठोकळे जोडल्यासारख्या दिसणाऱ्या कांड्या होत्या. एक कांडी म्हणजे एक दशक. सुटे कमी पडले की कांडी परत पिशवीत टाकायची आणि दहा सुटे ठोकळे घ्यायचे. मला ही व्यवस्था फार आवडली. हेटीनं मात्र कांडी आधी गुडघ्यावर मोडून पाहिली आणि मग माझी पक्कड आणली.

"तुटत नाही," ती म्हणाली.

"तोडायची नसते गं. ती द्यायची आणि दहा सुटे घ्यायचे."

"मग ते तेच दहा नाहीत. दुसरेच आहेत."

आमच्याच धंद्यात एखाद्यानं ठोकलेली गाडी आत नेऊन दुसरीच गाडी बाहेर आणली आणि ही तीच म्हणाला, तर मी त्याला एक पैसाही मंजूर करणार नाही. मुलीचा मुद्दा कायद्याला धरून होता. तिला असं दशक हवं होतं, जे तिच्या डोळ्यांदेखत उघडेल आणि ज्यातून तेच दहा बाहेर पडतील.

मी विचार करत फ्रीज उघडला. मला विचार करताना फ्रीज उघडायची सवय आहे. आणि समोरच अंड्यांचा डबा. बंद केला की एक, उघडला की सुटी. मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की मी फ्रीजचं दार लावायला विसरलो.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना चार डबे घेऊन आलो. "एक डबा म्हणजे एक दशक," मी हेटीला सांगितलं, आणि आमची गाडी रुळावर आली. अठ्ठेचाळीसमधून पंचवीस घालवले. चार डबे, आठ सुटी; दोन डबे आणि पाच सुटी बाजूला केली, उरले दोन डबे आणि तीन. तेवीस. कागदावरही तेवीस. हेटीनं फ्रीजवर दोन ठोके दिले. मग आम्ही पुन्हा बेचाळीस वजा सतराला हात घातला. चार डबे आणि दोन सुटी. सुटी पुरत नाहीत म्हणून एक डबा उघडला, सगळी अंडी सुटी केली, त्यातली सात काढली, एक डबा काढला. उरले दोन डबे आणि सात अंडी. सत्तावीस.

कागदावर पंचवीस होते.

मी दुसरं गणित घेतलं. एकतीस वजा चौदा. कागदावर सतरा, टेबलावर एकोणीस. तिसऱ्यालाही दोन जास्त. एका गणितात एक अंडं खाली पडून फुटलं, तेव्हा फरक एकाचाच आला, त्यामुळे मी आणखीच गोंधळलो. डबा उघडला नाही की उत्तर बरोबर. उघडला की दोन वाढलेले. दोन संध्याकाळी आम्ही हेच करत होतो. हेटी गप्प गप्प व्हायला लागली आणि तिनं फ्रीज वाजवणंही बंद केलं.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझी जुनी रीत पंचवीस सांगते. ही दशक सोडवायची नवी रीत सत्तावीस सांगते. म्हणजे नवी रीतच चुकीची आहे. शाळांनी आमच्या लहानपणचं गणित मोडीत काढलंय, याबद्दल आमच्या ऑफिसात दर आठवड्याला एकदा तरी कुणीतरी तावातावानं बोलतं, पण पुरावा आजवर कुणाकडेच नव्हता. मी जेवणाच्या सुट्टीत हा शोध सांगितला तर हिशेब विभागातला एक जण उभा राहून माझ्याशी हात मिळवून गेला.

त्या उत्साहात मी शाळेला फोन केला. शाळेच्या कचेरीत हॉफमनबाई असतात. मुख्याध्यापक येतात आणि जातात, हॉफमनबाई असतात.

"तुमच्या नव्या पद्धतीनं प्रत्येक वजाबाकीत दोन जास्त येतात," मी म्हणालो. "मी प्रयोग करून पाहिलाय. हे मुख्याध्यापकांच्या कानावर घाला."

"दोन काय जास्त येतात?" हॉफमनबाईंनी विचारलं.

"अंडी," मी म्हणालो. हे बोलल्यावर मला थोडं थांबायला हवं होतं.

त्या संध्याकाळी पॅमनं ऑम्लेट करायला एक डबा उचलला. उचलून हातात धरून ठेवला.

"ग्लेन," ती म्हणाली, "यात अंडी किती असतात?"

"दहा."

"आपल्या लग्नाला किती वर्षं झाली?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"इतकी वर्षं तू दर शनिवारी एक डझन अंडी आणतोयस."

मी डबा उघडून मोजला. सहाच्या दोन रांगा. मग दुसऱ्या बाजूनं मोजला. हेटीनंही स्टुलावर चढून, एकेका अंड्याला बोट लावून मोजला. "बारा," ती म्हणाली. "मग तू दहा का म्हणालास?"

मी तत्त्व, कल्पना, उदाहरणादाखल असे काही शब्द वापरले. हेटी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती ती मी ओळखतो. गाडी उभी असताना हरीण येऊन धडकलं, असं सांगणाऱ्या माणसाकडे मी तसाच पाहतो.

दुसऱ्या दिवशी निरोप मागे घ्यायला मी हॉफमनबाईंना फोन केला, तर उशीर झाला होता. "मुख्याध्यापकांनी तो शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवला," त्या म्हणाल्या. "बरं वाटलं सगळ्यांना. हिवाळा फार लांबलाय ना."

आता प्रश्न फक्त हेटीच्या ढोलाचा राहिला नव्हता. पण मुख्य प्रश्न तोच होता, हे मी स्वतःला वारंवार बजावत होतो. चाचणीला एक आठवडा उरला होता आणि माझी मुलगी आता दहा या आकड्यावरच संशय घ्यायला लागली होती. पायऱ्या मोजत होती, हाताची बोटं मोजत होती. एकदा तिनं माझीही बोटं मोजली.

ऑर्विल कुंपणाशी फावड्यावर रेलून उभा होता. तो उभा जन्म रस्त्यांवरचं बर्फ हटवायच्या सरकारी खात्यात होता, आणि निवृत्त झाल्यापासून जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला देतो. मी त्याला सगळं सांगितलं.

"अंडी कशाला घेतलीस तू?" तो म्हणाला. "अंडी ही कोंबडीची वस्तू. तिला डझनाचं वळण. तुला कारखान्यातली वस्तू पाहिजे. हॉटडॉगची सॉसेजं घे. पाकिटात दहा. माझ्या बापाच्या काळापासून दहा."

"आणि त्याचे पाव?"

"पाव आठ."

"असं का?"

ऑर्विलनं फावडं बर्फात रोवलं. "ते मला कुणी सांगू शकलेलं नाही, ग्लेन. सॉसेजं दहा आणि पाव आठ. दर उन्हाळ्यात दोन सॉसेजं पावाशिवाय खायची, नाहीतर सॉसेजांची चार पाकिटं आणि पावांची पाच असा घाट घालून सगळं गाव जेवायला बोलवायचं. माणूस चंद्रावर जाऊन आला, पण हे जमलं नाही."

मी दुकानात गेलो आणि या वेळी प्लॅस्टिकवरूनच मोजलं. दोनदा मोजलं. दुकानातली मुलगी जवळ येऊन काही मदत हवीय का म्हणून विचारून गेली. दहाच होती. तशी पाच पाकिटं घेतली. घरी आल्यावर हेटीनं एक पाकीट माझ्या हातातून घेतलं, स्वतः मोजलं, कात्रीनं कापलं, बाहेर पडलेली पुन्हा मोजली आणि म्हणाली, "हो. दहा. तेच."

तिच्या तोंडून ते ऐकून मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. आम्ही बेचाळीसातून सतरा घालवले आणि टेबलावर पंचवीस उरले. तेवढ्यात आमच्या कुत्र्यानं सुट्यांतलं एक पळवलं. "आता चोवीस," हेटी कुणी न विचारताच म्हणाली. शहाणा माणूस इथे थांबला असता.

पण शाळेत चाचणीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, पालकांची गणिताची संध्याकाळ असते. पालक एकेक टेबल मांडतात, मुलं टेबलांवरून खेळत हिंडतात. ज्या शिक्षकांनी माझा अंड्यांचा निरोप ऐकला होता, ते सगळे तिथे असणार होते. माझं गेलेलं नाव परत मिळवायची ही संधी सोडणं मला शक्य नव्हतं. मी नाव द्यायला कचेरीत गेलो.

"तुम्ही अंडीवालेच ना?" हॉफमनबाईंनी विचारलं.

मी सॉसेजांची योजना मांडली. त्यांनी चष्मा काढला. "बाहेरचं खाणं कारखान्यातून बंद होऊन आलेलं असेल तरच आत येतं. उघडं चालत नाही."

"बंदच आणणार आहे."

"मग चालेल."

"आणि इथे येऊन उघडणार."

"ते चालणार नाही."

"बाई, उघडणं हाच धडा आहे. दशक उघडल्याशिवाय सुटे येणार कुठून?"

"तो तुमच्या गणिताचा प्रश्न झाला," हॉफमनबाई म्हणाल्या. "माझ्या इमारतीत पाकीट बंद राहील."

म्हणजे हातात दहा आहेत, सगळ्यांना दिसताहेत, पण नियमाप्रमाणे ते कायमचे एकच. मला एकदम हेटीची ती प्लॅस्टिकची कांडी आठवली आणि तिच्याबद्दल नव्यानं सहानुभूती वाटली.

"इमारतीबाहेर?" मी विचारलं.

हॉफमनबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. फेब्रुवारी महिना होता. "बाहेर तुम्ही वाट्टेल ते उघडा," त्या म्हणाल्या. "दारापासून लांब."

हे ऐकून ऑर्विल खूश झाला. बर्फात शेगडी पेटवून मांस भाजण्याइतकी दुसरी कुठलीच गोष्ट आमच्याकडच्या पुरुषांना मोठेपणाची वाटत नाही. "शेगडी माझी, गॅस माझा," तो म्हणाला. "पाकिटं पण मीच आणतो. तू फक्त गणित घेऊन ये." इतका उदार तो शिडीच्या बाबतीत कधी झाला नव्हता, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या पार्किंगच्या टोकाला ऑर्विलच्या ट्रकच्या मागे शेगडी धुमसत होती आणि मी दुधाच्या उलट्या क्रेटवर उभा होतो. आतल्या टेबलांवर फाशांचे आणि पत्त्यांचे खेळ होते. पण सॉसेजांचा वास आत पोचला आणि अर्ध्या शाळेनं कोट चढवले. समोर मुलं, मागे त्यांचे आईबाप, त्यांच्या मागे मुख्याध्यापक. मिस थाओ टोपीत डोकं खुपसून एका बाजूला उभ्या होत्या. हेटी अगदी पुढे होती.

"मुलांनो," मी म्हणालो, "माझ्याकडे पाच पाकिटं आहेत आणि दोन सुटी. एकूण किती?"

"बावन्न," मुलं म्हणाली. पॅमनं अंगठा वर केला. त्यापुढे त्या संध्याकाळी कुणी अंगठा वर केला नाही.

"आता यातून सतरा घालवू. सुटी पुरत नाहीत, म्हणून एक दशक उघडायचं." मी पाकीट कापलं. दशक उघडलं, पण सुटलं नाही. ऑर्विलची पाकिटं थेट त्याच्या फ्रीजरमधून आली होती आणि उरलेलं काम बाहेरच्या हवेनं केलं होतं. दहाच्या दहा सॉसेजं एकमेकांना चिकटून एक दगड झाली होती. मी वाकून तो दगड क्रेटच्या कडेवर आपटला. एका मुलीनं विचारलं की हे प्लॅस्टिकचं आहे का.

"शेगडीवर ठेव सगळं, सुटतं आपोआप," ऑर्विल म्हणाला.

सुटलं, पण मोजायचं राहून गेलं, कारण सुटलं तसं ते भाजलं आणि भाजलं तसं लोकांनी उचललं. मी सतरा म्हणत होतो ते कुणी ऐकत नव्हतं. नारिंगी टोपीवाले एक गृहस्थ आपल्या मुलाला सांगत होते, "हे सगळं सोड, शेजारच्याकडून एक उसना घे," तर त्या मुलानं खरोखरच शेजारच्या मुलीच्या पावातलं सॉसेज उचललं. दुसऱ्या एक आई म्हणाल्या की त्यांच्याकडे सतरापासून बावन्नपर्यंत वर मोजत जातात. तिसऱ्यांनी मोहरीचा सॉस कुठेय म्हणून विचारलं. मी उरलेली तीनदा मोजली आणि तीनदा वेगळी आली. शेवटी मला वाटायला लागलं की दहा ही गोष्ट मला लहानपणीसुद्धा कळली नव्हती, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

हेटी क्रेटवर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं हातमोजा दातानं ओढून काढला आणि ऑर्विलनं पाकिटं आणली होती त्या पेटीतलं एक बंद पाकीट उचललं.

"बाबा, हे दहाचं नाही."

"पाकीट आहे ना? म्हणजे दहाचं."

"आठ आहेत."

"नीट मोज, बाळा."

तिनं नीट मोजलं. मोठ्यानं. रांगेतली मुलं तिच्याबरोबर मोजायला लागली, मग मोठीही, आणि सगळा घोळका एका सुरात आठावर येऊन थांबला. मुख्याध्यापकांचा आवाज मला त्यात स्पष्ट ऐकू आला.

"ऑर्विल," मी म्हणालो.

ऑर्विल चिमट्यानं सॉसेजं परतत होता. "त्यातली दोन जाड्या सॉसेजांची आहेत," तो म्हणाला. "सवलतीत होती. पाकिटात आठच येतात."

"मी सगळ्यांसमोर बावन्न म्हणालो."

"पण पावाशी जुळतात की," ऑर्विल म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं.

मी क्रेटवरून खाली उतरलो. कुणी उतर म्हटलं नव्हतं, पण वर थांबण्यासारखंही काही उरलं नव्हतं. हेटी मात्र तिथेच होती. तिनं ते आठचं पाकीट खाली ठेवलं, सुरुवातीपासून बाजूला ठेवलेली माझी ती दोन सुटी सॉसेजं उचलली आणि पाकिटावर ठेवली. "आता दहा," ती म्हणाली. मला नाही, स्वतःशीच म्हणाली.

मग तिनं पेटीचा ताबाच घेतला. रांगेतल्यांना किती हवीत ते विचारायची, सुटी असतील तर सुटी द्यायची, आणि सुटी संपेपर्यंत ऑर्विलला नवं पाकीट उघडू द्यायची नाही. "आधी ही संपू देत, ऑर्विलकाका. कमी पडली की मग उघडायचं." नवं पाकीट उघडायच्या आधी ती ते प्लॅस्टिकवरून मोजायची. मुख्याध्यापकांनी घाईनं एक पाकीट उचललं तर त्यांनाही थांबवलं. मला तिनं मोहरीच्या सॉसची बाटली दिली आणि कडेला उभं केलं. मिस थाओ टोपीच्या आतून हे सगळं बघत होत्या. मी समजलो की ढोल गेला.

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि प्लॅस्टिकच्या साहित्याची पिशवी परत करायच्या निमित्तानं शाळेत गेलो. एका कांडीवर पकडीचे दात उमटले होते, त्याबद्दल काय सांगायचं ते मी वाटेत ठरवलं होतं. वर्गाच्या दारात मुलं रांगेत उभी होती. संगीताच्या तासाची वेळ झाली होती. हेटी त्या रांगेत आहे की नाही, हे बघायचं मला धाडस होत नव्हतं.

"या," मिस थाओ म्हणाल्या आणि त्यांनी हेटीचा कागद माझ्यापुढे धरला. त्रेपन्न वजा सव्वीस. हेटीनं पाच पाकिटं काढली होती आणि तीन सुटी सॉसेजं. एक पाकीट कापलेलं होतं आणि त्यातली दहाच्या दहा बाहेर काढून दाखवली होती. उत्तर सत्तावीस. मी मनात एक उसना घेऊन पाहिला. सत्तावीसच. खालची सगळीच बरोबर होती.

"तिला जादा गटाची गरज नाही," मिस थाओ म्हणाल्या. "ती संगीतालाच जाईल."

मी रुमाल काढून नाक शिंकरलं. सर्दी झालीय म्हणून मी सांगितलं, आणि कालच्या संध्याकाळनंतर ते कुणालाही पटण्यासारखं होतं. मला फार आनंद झाला होता. इतका की त्या दुसरीतल्या मुलांसमोर मी काहीतरी वेडेपणा करेन अशी भीती वाटत होती.

"मला एक विचारायचं होतं," मिस थाओ म्हणाल्या. "इतक्या मुलांना कांडीत दहा असतात हे आम्ही सांगतो आणि ती मान डोलावतात. हिला ते आतून कळलंय. घरी तुम्ही नक्की केलंत काय?"

मी पिशवी खाली ठेवली, कोट सारखा केला. विमा कंपनीतल्या माणसाला आयुष्यात अशी संधी वारंवार मिळत नाही. "त्याचं असं आहे," मी सुरुवात केली.

"बाबा दहा म्हणाला की मी मोजून बघते," रांगेतून हेटी म्हणाली.

तिनं ते अगदी सहज सांगितलं. बाहेर बर्फ आहे, बूट घाला, असं आपण सांगतो तसं. मिस थाओंनी कागदाआड तोंड लपवलं. रांग हलली आणि हेटी मला हात करून पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली.

मी तिथेच उभा होतो. मला वाईट वाटायला हवं होतं की छाती फुगायला हवी होती, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. तेवढ्यात कॉरिडॉरच्या टोकाच्या बंद दारामागून ढोल सुरू झाला. जोरात, आणि तालाशी फारसा संबंध न ठेवता. मी भिंतीला टेकून ठोके मोजायला लागलो. दहापर्यंत तरी मी बरोबर होतो.